आचार्य रातंजनकर : टपालाने जाणारी चीज, घरी राहून मिळणारे गाणे

बैलहोंगल म्हटले की आपल्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना कित्तूरच्या राणी चन्नम्मेची समाधी आठवते. त्याच गावी २६ डिसेंबर १९२५ रोजी कृष्णराव गिंडे यांचा जन्म झाला आणि १९३६ साली, जेमतेम दहा-अकरा वर्षांचा असताना, हा मुलगा गाणे शिकण्यासाठी थेट लखनौला गेला, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. घरच्यांनी आपले पोर इतक्या दूर ज्यांच्या हवाली केले, ते गुरू म्हणजे कै. पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर.

अण्णासाहेब या नावाने ओळखले जाणारे रातंजनकर एकोणिसावे शतक सरता सरता मुंबईत जन्मले. वडील पोलीस खात्यात नोकरीला, पण सतारीचे शौकीन. मुलाला सुरांची पहिली ओळख करून दिली ती कारवारकडील कृष्णभट्ट होनावर यांनी. म्हणजे मुंबईच्या या मराठी मुलाला सा लावायला शिकवणारा हात कन्नड मुलखातला होता! पुढे अनंत मनोहर जोशी यांच्याकडे तालीम झाली. १९११ च्या सुमारास पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची दृष्टी या मुलावर पडली आणि त्याच्या आयुष्याची दिशा ठरली. बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते आफताब-ए-मौसिकी उस्ताद फैयाजखाँ यांचे गंडाबंध शागीर्द झाले आणि गाणे चालू ठेवून त्यांनी विद्यापीठाची पदवीही मिळवली. उत्तम गवई आणि पदवीधर असा योग त्या काळी दुर्मीळच होता.

भातखंडे यांना नेमका असाच माणूस हवा होता. व्यवसायाने ते वकील. परंतु गाणे घराण्याच्या चार भिंतींतून बाहेर काढून शाळेत आणावे, हा त्यांचा ध्यास. १९०४ साली त्यांनी दक्षिणेचा दौरा केला, तेथील विद्वानांना भेटले, व्यंकटमखीची बहात्तर मेळांची पद्धत अभ्यासली आणि पुढे हिंदुस्थानी रागांची दहा थाटांत मांडणी केली. उस्तादांकडून मिळवलेल्या सुमारे अठराशे चिजा त्यांनी स्वरलिपीत उतरवून 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत छापल्या. १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज निघाले. त्याच्या मागे त्यांच्याबरोबर दर्याबादचे तालुकदार राय उमानाथ बली उभे होते. भातखंडे यांनी मुंबईहून बलींना लिहिलेली पत्रे आज उपलब्ध आहेत. पैसा, शिक्षक आणि अभ्यासक्रम यांची काळजी त्या पत्रांत सतत आढळते. एक मोठी संस्था बरीचशी पत्रांवर उभी राहिली, असे म्हटले तरी चालेल.

पण पत्राने संस्था उभी राहते, चालते ती माणसाने. १९२८ च्या सुमारास रातंजनकर त्या कॉलेजचे प्राचार्य झाले आणि जवळजवळ तीन दशके तेथेच राहिले. बैठकी गाजवून नाव व पैसा मिळवण्याचे त्यांचे ते वय होते. फैयाजखाँसाहेबांची तालीम गळ्यात होती. तरीही सकाळ-संध्याकाळ नवख्या मुलांना अलंकार घोकून घेणे त्यांनी पसंत केले. हा त्याग लहान नव्हे. आज त्यांचे नाव त्यांच्या समकालीन गवयांइतके सर्वतोमुखी नाही, याचे कारणही येथेच आहे.

स्वरलिपीमुळे एक गोष्ट मात्र शक्य झाली. लखनौला बांधलेली चीज कागदावर उतरवून पाकिटात घातली की ती मुंबईला, धारवाडला, बेळगावला पोचू शकते. जी विद्या पूर्वी उस्तादाच्या मर्जीवर अवलंबून होती, ती टपालाच्या तिकिटात मिळू लागली! मग बैलहोंगलच्या मुलाने लखनौला जाण्याचे कारण काय? याचे उत्तर रातंजनकरांच्या घरी मिळते. कॉलेजात ते पुस्तकावरून शिकवत, पण गिंडे यांना त्यांनी मुलासारखे घरात ठेवून घेतले. कोमल गांधार कागदावर एकच दिसतो. दरबारीत तो झुलतो कसा, हे गुरूसमोर बसल्यावाचून कळत नाही. पुस्तक आणि गुरुगृह यांचे वैर नाही, हे रातंजनकरांनी स्वतःच्या संसारातून दाखवून दिले.

रचनाकार म्हणून त्यांचा अधिकार मोठा. 'सुजन' या मुद्रेने त्यांनी शेकडो बंदिशी केल्या. 'अभिनव गीतमंजरी'च्या तीन भागांत त्या पाहावयास मिळतात. संस्कृतातही त्यांनी रचना केल्या. सालगवराळीसारखा दाक्षिणात्य राग हिंदुस्थानी अंगाने मांडला. कर्नाटक संगीतातील वर्णम् हा प्रकारही त्यांनी आपल्याकडे आणून पाहिला. सीमा नकाशावर असतात, सुरांना त्या ठाऊक नसतात, हे आपण सीमाभागातील मंडळींनी तरी विसरू नये.

त्यांच्या वाट्याला कटुताही आली. १९५० नंतरच्या दशकात आकाशवाणीने गायक-वादकांची चाचणी घेण्याचे ठरवले आणि त्या कामाची धुरा त्यांच्यावर आली. अनेक नामवंतांना हा अपमान वाटला, मोठा विरोध झाला आणि रोषाचे धनी रातंजनकर झाले. जो शिक्षक सर्वांना एकाच मापाने मोजतो त्याला लोकप्रियता मिळत नाही. १९५७ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. पुढे खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरुपद त्यांनी भूषविले. १४ फेब्रुवारी १९७४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे खरे स्मारक म्हणजे त्यांचे शिष्य. सुमती मुटाटकर, एस. सी. आर. भट, चिदानंद नगरकर, दिनकर कायकिणी, व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग, चित्रपट-संगीतकार रोशन, किती नावे घ्यावीत! आपल्या बैलहोंगलच्या गिंडे यांनी मुंबईच्या वल्लभ संगीतालयाचे प्राचार्यपद सांभाळले, हजारावर बंदिशी कंठात जपल्या आणि १९९४ मध्ये निधन होईपर्यंत मागेल त्याला हात न आखडता दिल्या. स्वतःच्या रचनांत त्यांनी 'सुजनदास' ही मुद्रा घेतली. गुरूच्या नावापुढे एक 'दास' जोडला, की शिष्याचे सारे चरित्र त्यात आले.

आज चीज पाकिटातूनही येत नाही, खिशातल्या यंत्रावर क्षणात येते. ती ऐकून गाणे आले असे मानणाऱ्या आपल्या पिढीने बैलहोंगल ते लखनौ हा प्रवास एकदा आठवून पाहावा. रातंजनकरांच्या स्मृतीला विनम्र अभिवादन!