रविवार कोणी मिळवून दिला?

जानेवारी २०२५ मध्ये एका बड्या अभियांत्रिकी कंपनीच्या अध्यक्षांनी आपल्या कर्मचाऱ्यांना रविवारी कामाला लावता येत नाही, याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. आठवड्याला ९० तास काम व्हावे, अशी त्यांची अपेक्षा होती. चार दिवस आरडाओरड झाली, वाहिन्यांवर चर्चा झडल्या, लोकांनी विनोद केले आणि विषय मिटला. त्या गदारोळात आम्ही एक नाव शोधत होतो. ते आमच्या कानावर आले नाही. ते नाव म्हणजे रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे.

रविवारची सुटी इंग्रजांनी दिली, साहेब चर्चला जायचा म्हणून ती आपल्यालाही मिळाली, असा समज चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांतही आहे. हे अर्धेच खरे आहे. सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत, हे खरे. पण त्याच मुंबईत गिरण्यांचे भोंगे रविवारीही वाजत. आणि एखाद्या रविवारी गिरणी बंद असलीच, तर यंत्रांची साफसफाई करायला कामगाराला जावे लागे. साहेबाच्या देवाने कारकुनाला सुटी दिली. गिरणीतल्या माणसाला ती झगडून घ्यावी लागली, आणि तो झगडा उभा केला एका सत्यशोधकाने.

लोखंडे यांचा जन्म १८४८ चा, ठाण्याचा. जोतीराव आणि सावित्रीमाई यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, ते हेच साल. लोखंडे यांचे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे, जात फुलमाळी, परिस्थिती बेताची. ठाण्यात मॅट्रिकपर्यंत शिक्षण झाले. पुढे शिकण्याइतका पैसा घरात नव्हता. रेल्वेत नोकरी केली, टपाल खात्यात केली, आणि मग मुंबईच्या मांडवी गिरणीत ते स्टोअरकीपर म्हणून लागले. या नोकरीने त्यांचे आयुष्य बदलले. स्टोअरकीपर हा खुर्चीवरचा माणूस. मनात आणले असते तर मालकाची मर्जी सांभाळून त्यांना सुखाने दिवस काढता आले असते. पण कोठारात बसलेल्या माणसाला गिरणीत काय येते आणि गिरणीतून काय जाते, ते सगळे दिसते. कापसाच्या गाठी येताना दिसतात, कापडाचे ठाण जाताना दिसतात, आणि या दोहोंच्या मधे माणूस कसा झिजतो तेही दिसते.

मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी ताडदेवला काढली, ती १८५४ साली. पुढच्या तीस वर्षांत गिरण्यांची रांग लागली. १८७५ मध्ये मालकांनी आपली संघटना केली. वाचकांनी हे साल लक्षात ठेवावे. कामगार अजून विखुरलेला होता, त्याला संघटना म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, आणि मालक मात्र एकत्र आले होते. काम सूर्योदयाला सुरू होई आणि सूर्यास्ताला संपे. म्हणजे उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून राबणूकही मोठी, तेरा-चौदा तासांपर्यंत. निसर्गाने दिलेला उजेड मालकाने आपल्या खात्यावर जमा केला होता. बायका राबत, सात-आठ वर्षांची पोरे राबत. पगार महिना उलटून गेला तरी हाती पडत नसे, मग वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज. कापडात खोट निघाली तर दंड, किंवा ते खराब कापडच विणकराच्या गळ्यात बांधून त्याची किंमत पगारातून कापायची. मुकादमाची दस्तुरी वेगळी. नोकरी देणारा तोच आणि काढणारा तोच.

१८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा आला. तो का आला, हे समजून घेतले पाहिजे. मुंबईच्या गिरण्या स्वस्त मजुरीच्या जोरावर आपला धंदा खातील, ही भीती मँचेस्टरच्या मालकांना होती. म्हणून त्यांना इथल्या कामगाराचा अचानक पुळका आला. आणि इकडचे देशभक्त? पुण्याच्या ‘मराठा’सह बहुतेक राष्ट्रवादी पत्रांनी फॅक्टरी कायद्यांना विरोध केला. देशी उद्योग बुडेल, हा त्यांचा युक्तिवाद. एक धनिक आपल्या बाजारपेठेसाठी कामगाराचे नाव घेत होता, दुसरा आपल्या नफ्यासाठी देशाचे नाव घेत होता. सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारखा एखादा पारशी गृहस्थ कायद्यासाठी मनापासून झटला, तो अपवाद. कायदा आला तोही तोकडाच. शंभरावर कामगार असतील तिथेच लागू, सात वर्षांखालील मुलांना कामावर घ्यायचे नाही, बारापर्यंतच्या मुलांना नऊ तास. मोठ्या माणसाच्या तासांबद्दल आणि सुटीबद्दल एक अक्षर नाही.

या वेळेपर्यंत लोखंडे यांच्या हाती एक हत्यार आले होते. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधू’ हे सत्यशोधकांचे पत्र पैशाअभावी चालेना, तेव्हा लोखंडे यांनी १८८० मध्ये ते मुंबईला आणले आणि चालवले. बहुजनांचे पत्र चालवणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. जाहिराती नाहीत, वर्गणी वेळेवर येत नाही, आणि गावातला प्रत्येक वजनदार माणूस नाराज. इथे एक गोष्ट लपवून ठेवू नये असे आम्हाला वाटते. जोतीरावांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’चे पहिले दोन भाग लोखंडे यांनी छापले, पण पुढचे छापण्याचे धाडस त्यांना झाले नाही. जोतीराव चिडले, आणि संपादकाच्या भित्रेपणाबद्दल त्यांनी लिहूनही ठेवले. तरीही दोघांचे काम तुटले नाही. मतभेद झाला की दुसऱ्या दिवशी नवा गट काढण्याची रीत तेव्हा आलेली नव्हती.

१८८४ मध्ये मुंबई सरकारने फॅक्टरी कमिशन नेमले. लोखंडे यांनी संधी ओळखली. २३ आणि २६ सप्टेंबरला त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. दर रविवारी सुटी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचा निकामी झाल्यास पोटापाण्याची सोय. आज कोणत्याही कंत्राटी कामगारासमोर ही यादी वाचून दाखवा, त्याला ती आपलीच वाटेल. याच काळात बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी राहिली.

मालकांनी सहा वर्षे दाद दिली नाही. २४ एप्रिल १८९० रोजी लोखंडे यांनी महालक्ष्मीच्या मैदानावर सभा बोलावली. सुमारे दहा हजार गिरणी कामगार जमले. दोन कामगार स्त्रियांनी त्या सभेत भाषणे केली. १८९० साल आहे हे, आणि उच्चवर्णीय सुधारक तेव्हा मुलींच्या लग्नाचे वय किती असावे यावर वाद घालत होते. १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने रविवारची सुटी मान्य केली. त्याच वर्षीच्या फॅक्टरी कमिशनच्या कामात मुंबईच्या कामगारांच्या वतीने लोखंडे यांना स्थान मिळाले, आणि १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुटी, मधली अर्ध्या तासाची विश्रांती आणि स्त्रियांसाठी ११ तासांची मर्यादा आली. मोठ्या पुरुषाचे तास मात्र मोकळेच राहिले. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले, तेव्हा त्या मोकळ्या जागेतून मालकांनी दिवस पंधरा तासांपर्यंत ताणला.

काही विद्वान लोखंडे यांना कामगार पुढारी मानायला नाखूश असतात. त्यांच्या संघटनेला नोंदणीकृत सभासद नव्हते, निधी नव्हता, घटना नव्हती, ते स्वतः कामगार नव्हते, आणि सरकारने त्यांना रावबहादूर केले, जस्टिस ऑफ दि पीस केले. हे सगळे आम्हाला मान्य आहे. पण कामगार संघटनेचा कायदाच १९२६ साली आला. तो येण्याच्या ३६ वर्षे आधी ज्याने मालकांच्या हातून आठवड्याचा एक दिवस सोडवला, त्याच्याकडे सभासदांची वही मागण्यात काय अर्थ आहे? आमची तक्रार उलटी आहे. पुस्तकी डाव्यांनी त्यांना दानशूर म्हणून बाजूला ठेवले, आणि आम्हीही त्यांना जोतीरावांच्या तसबिरीमागे उभे करून मोकळे झालो.

लोखंडे सत्यशोधक होते म्हणूनच त्यांचा कामगार गिरणीच्या दारावर संपत नव्हता. १८९० मध्येच विधवांच्या केशवपनाविरुद्ध मुंबईच्या नाभिक बांधवांनी वस्तरा खाली ठेवला, त्यामागे ते उभे होते. १८९३ च्या हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर त्यांनी राणीच्या बागेत सलोख्याची सभा घेतली. मात्र एक दार त्यांच्या हयातीत बंदच राहिले. जादा मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्याला प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, त्याचा विटाळ होई. रविवार सगळ्यांना मिळाला, पण साचा सगळ्यांना मिळाला नाही. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न पुढाऱ्यांच्या समोर रोखठोक ठेवला, १९३८ मध्ये मनमाडला ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन्ही शत्रू एका दमात सांगितले, आणि १९४६ मध्ये मजूरमंत्री म्हणून आठवड्याला ४८ तासांचे विधेयक मांडले. लोखंडे यांनी जिथे सोडले होते, तिथून पुढे.

आता त्याच वाटेवरून उलटे चालणे सुरू आहे. मार्च २०२४ मध्ये वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिले की २०२२-२३ मध्ये देशातील वरच्या १ टक्का लोकांकडे ४०.१ टक्के संपत्ती होती आणि उत्पन्नाचा २२.६ टक्के वाटा होता. उत्पन्नातला हा वाटा इंग्रजी अमदानीतल्यापेक्षाही जास्त आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील कामाचे तास दिवसाला ९ वरून १२ करायला मंजुरी दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. विजेवर चालणारा कारखाना म्हणजे दहा कामगार, ही जुनी व्याख्या आता वीसवर गेली. टाळेबंदीसाठी सरकारची परवानगी शंभर कामगारांपासून लागत असे, ती आता तीनशेपासून लागते. १८८१ चा शंभराचा आकडा १८९१ मध्ये पन्नासवर आला होता. तेव्हा आकडे खाली येत होते, आता ते वर चढत आहेत.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून पळाले. गिरणगावातल्या चाळींत माणसे पटापट मरत होती, आणि आजारी माणसाला हात लावायला त्याचे नातलगही धजावत नव्हते. लोखंडे यांनी मराठा इस्पितळ उभे केले आणि रुग्णांत राहून काम केले. त्यांनाही प्लेगने गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले, वयाची पन्नाशीही न गाठता.

२००५ मध्ये भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. परळच्या कामगार अभ्यास संस्थेला त्यांचे नाव आहे. गिरण्यांची धुराडी जिथे होती, तिथे आता मॉल आणि टोलेजंग इमारती उभ्या आहेत, आणि रविवारी तिथे चिक्कार गर्दी असते. त्या गर्दीत पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन जेवणाचे डबे पोचवणाऱ्या एका पोराला आम्ही विचारले की तुझी सुटी कोणत्या वारी असते. त्याने मोबाईलकडे पाहिले, पुढची ऑर्डर आली होती, आणि तो निघून गेला.