स्पिटफायरचा शिल्पकार : रेजिनाल्ड मिचेल

आकाशातून जाणारे विमान तुम्ही नित्य पाहता. परंतु विमानाचा मूळ आराखडा डोळ्यांखालून घातलेला विद्यार्थी विरळाच. त्या कागदावर विमानाची तीन रूपे रेखाटलेली असतात : एक वरून दिसणारे, दुसरे बाजूने दिसणारे व तिसरे समोरून दिसणारे. शिवाय नाकापासून शेपटापर्यंत ठरावीक अंतरावर त्या देहाचे आडवे छेद असतात. या सपाट रेषांतून भरीव, गोलाईदार देह उभा करणे हीच खरी कसोटी. हल्ली हे काम संगणकावर करता येते. तिन्ही चित्रे एकमेकांशी काटकोनात मांडावयाची, त्यांच्या कडांवरून वक्ररेषा काढावयाच्या, आणि पतंगाच्या काड्यांवर कागद ताणावा तसा छेदांवरून पृष्ठभाग ताणावयाचा. हे करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी दोन गोष्टी कळून येतात. एक, छापील चित्रे पुष्कळदा परस्परांशी जुळत नाहीत. आणि दुसरी, पंख जेथे देहाला मिळतो तेथील गोलाई सर्वांत अधिक छळते. अशा हौशी मंडळींना वारंवार मोहात पाडणारे एक विमान म्हणजे स्पिटफायर. ज्या पुरुषाच्या बुद्धीतून ते विमान जन्मले, त्याचे अल्प चरित्र येथे सांगावयाचे योजिले आहे.

रेजिनाल्ड जोसेफ मिचेल याचा जन्म २० मे १८९५ रोजी इंग्लंडातील स्टॅफर्डशायर परगण्यात, किड्सग्रोव्हजवळील बट लेन या गावी झाला. पाच भावंडांत तो दुसरा. वडील शिक्षक होते व पुढे त्यांनी हॅनली येथे छापखान्याच्या धंद्यात पाऊल टाकले. हा सारा प्रदेश मातीच्या भांड्यांचा. भट्ट्यांच्या धुराने काळवंडलेला. राईट बंधूंनी १९०३ साली विमान उडविले तेव्हा रेजिनाल्ड आठ वर्षांचा होता. त्या वार्तेने जगातील असंख्य मुलांना वेड लावले, त्यांत हाही एक. काड्या व कागद यांची विमाने करून उडविणे हा त्याचा छंद झाला.

सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो फेंटन येथील केर स्टुअर्ट या आगगाडीची इंजिने बनविणाऱ्या कारखान्यात उमेदवार म्हणून लागला. पहाटे उठणे व तेलकट कपड्यांत दिवस काढणे त्याला मुळीच रुचत नसे. तथापि उमेदवारी संपल्यावर तो आरेखन विभागात गेला व रात्रीच्या तंत्रशाळेत आरेखन, यंत्रशास्त्र आणि उच्च गणित शिकू लागला. विद्यापीठाची पदवी त्याच्यापाशी कधीच नव्हती. विमानांच्या रचनेत पुढे त्याने जे केले ते या रात्रशाळेच्या पुंजीवर.

१९१७ साली साउथॅम्प्टनजवळ वूल्स्टन येथील सुपरमरीन या कंपनीत त्याला नोकरी मिळाली. नदीकाठी पाण्यावर उतरणारी विमाने बांधणारा तो लहानसा कारखाना होता. १९१८ साली फ्लॉरेन्स डेसन या शिक्षिकेशी त्याचा विवाह झाला. ती त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी वडील होती. १९१९ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, मिचेल त्या कारखान्याचा मुख्य संकल्पक झाला आणि पुढच्याच वर्षी मुख्य अभियंता.

विमाने बांधणाऱ्या या कारखान्याचे मूळ नावेच्या विद्येत होते, हे विसरून चालणार नाही. आमच्या गोव्यात होडी बांधणाऱ्या सुतारास आम्ही मेस्त म्हणतो. होडीच्या फासळ्या उभ्या राहिल्या की त्यांवरून लाकडाची बारीक लवचीक पट्टी वाकवून धरावयाची. ती कोठे उंच राहिली वा कोठे दबली की चूक तत्काळ नजरेस येते. युरोपातील नौकाशाळांतही हीच रीत. तेथे प्रशस्त माळ्याच्या जमिनीवर नावेच्या रेषा पूर्ण आकारात काढीत, पट्टी वाकवून शिशाच्या वजनांनी जागोजागी दाबून धरीत व तिच्या कडेने रेघ ओढीत. विमानांच्या कारखान्यांनी ही रीत जशीच्या तशी उचलली. त्या लाकडी पट्टीला स्प्लाइन म्हणत. आणि संगणकातील वक्ररेषेला आज जे स्प्लाइन हे नाव आहे, ते त्या पट्टीवरूनच आलेले आहे. विज्ञानातील पुष्कळ शब्दांची कुळे अशी सुताराच्या अंगणात सापडतात.

मिचेलचा स्वभाव मोठा नमुनेदार होता. तो लाजाळू होता, बोलताना किंचित अडखळे, आणि विचारात व्यत्यय आला की संतापे. तो आरेखकाच्या फळ्यापुढे बसून चित्राकडे एकटक बघत राही. हाताखालील माणसे त्याला वचकून असत, तरीही जीव लावून काम करीत. कारण प्रत्येकाचे म्हणणे तो ऐकून घेई आणि यशाचे श्रेय एकट्याकडे कधी घेत नसे.

त्याची कीर्ती प्रथम पसरली ती श्नायडर करंडकाच्या शर्यतींमुळे. पाण्यावरून उडणाऱ्या वेगवान विमानांची ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. १९२५ साली त्याने एस ४ हे विमान रचले. पंखांना बाहेरून तारांचा वा दांड्यांचा आधार नाही अशी त्याची धिटाईची रचना होती. पण अमेरिकेत बाल्टिमोर येथे ते शर्यतीपूर्वीच पाण्यात कोसळले. वैमानिक बचावला. मिचेल खचला नाही आणि हट्टासही पेटला नाही. पुढच्या एस ५ विमानात त्याने तारांचा आधार पुन्हा घेतला व १९२७ साली व्हेनिस येथे शर्यत जिंकली. १९२९ साली एस ६ आणि १९३१ साली एस ६ बी यांनी त्या यशाची पुनरावृत्ती केली. १९३१ साली सरकारने हात आखडता घेतला तेव्हा लेडी ह्यूस्टन या धनाढ्य बाईंनी एक लाख पौंड दिले म्हणून ती शर्यत पार पडली. लागोपाठ तीन विजयांमुळे करंडक कायमचा इंग्लंडकडे राहिला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात एस ६ बी विमानाने ताशी सुमारे ६५६ किलोमीटर वेग गाठून जागतिक उच्चांक केला.

याच काळात त्याने वॉलरस नावाचे एक बोजड, संथ विमानही रचले. दिसावयास ते बेडौल; पण दुसऱ्या महायुद्धात समुद्रात पडलेल्या कित्येक वैमानिकांना त्यानेच उचलून आणले. चरित्रकार वेगाच्या विमानांविषयी भरभरून लिहितात व याचा उल्लेख एका वाक्यात उरकतात, हे मला तरी न्याय्य वाटत नाही.

पुढे हवाई खात्याने नव्या लढाऊ विमानाची मागणी केली. मिचेलने टाइप २२४ नावाचे विमान दिले. त्याचे पंख मोडल्यासारखे वाकलेले, चाके आत न घेता येणारी, आणि इंजिन थंड राखण्याची योजना सदोष. १९३४ साली ते उडाले आणि निराशा पदरी पडली. शर्यतीच्या विमानांनी जग जिंकणाऱ्या माणसाचे हे पहिले लढाऊ विमान सपशेल फसले.

त्या आधीच त्याच्यावर आणखी एक घाला पडला होता. १९३३ साली आतड्याचा कर्करोग असल्याचे निदान झाले व मोठी शस्त्रक्रिया करावी लागली. तिच्यामुळे त्याच्या देहाला कायमचे व्यंग आले, आणि रोग पुन्हा उलटण्याचे भय डोक्यावर राहिले. हे दुखणे त्याने कारखान्यात फारसे कोणाला कळू दिले नाही. काम सोडून विश्रांती घेण्याऐवजी तो विमान उडविण्यास शिकला व १९३४ साली त्याने वैमानिकाचा परवाना मिळविला! आणि फसलेल्या विमानाची चित्रे बाजूस सारून त्याने नव्या कागदावर नवी रेघ ओढली.

नव्या विमानाला रोल्स रॉइस कंपनीचे पुढे मर्लिन म्हणून गाजलेले इंजिन मिळाले. चाके पंखात मिटून घ्यावयाची होती, आठ मशीनगन पंखातच बसवावयाच्या होत्या, आणि वेगासाठी पंख तर शक्य तितका पातळ हवा होता. या तिन्ही मागण्या एकमेकींच्या वैरिणी. त्यांचा समेट घातला तो लंबवर्तुळाकार पंखाने. हा पंख म्हणजे एकच लंबवर्तुळ नव्हे. पुढील कडेला अरुंद अर्धलंबवर्तुळ व मागील कडेला रुंद अर्धलंबवर्तुळ अशी दोन अर्धी एका समाईक अक्षावर जोडलेली आहेत. त्यामुळे पंख मुळाशी पातळ राहूनही आत जागा पुष्कळ मिळते. शिवाय मुळापासून टोकाकडे जाताना पंखाला अडीच अंशांचा पीळ दिलेला आहे. त्यामुळे वेग घटताच मुळाचा भाग आधी उचल सोडतो, टोक नंतर, आणि विमान थरथरून वैमानिकास इशारा देते. या वायुगतिशास्त्रीय कामात बेव्हर्ली शेन्स्टन या कॅनडात जन्मलेल्या तज्ज्ञाचा मोठा वाटा होता.

मात्र असा पंख घडविणे अतिशय जिकिरीचे. सरळ कडांच्या पंखात फासळ्यांचे माप ठरावीक हिशेबाने उतरत जाते. येथे प्रत्येक फासळीचे माप निराळे, पत्रा दोन्ही दिशांनी वाकलेला, त्यात पीळ. आमचा संगणकप्रेमी विद्यार्थी जेथे अडतो तेथेच तेव्हाचे कसलेले पत्राकामगारही अडले. पुढे बाहेरच्या कारखान्यांकडे पंखांचे काम सोपविले तेव्हा ते पुष्कळच रखडले.

५ मार्च १९३६ रोजी ईस्टली येथे के ५०५४ क्रमांकाचे ते पहिले विमान आकाशात झेपावले. चालक होता मट समर्स; मिचेल खाली उभा राहून पाहत होता. कंपनीने ठेवलेले स्पिटफायर हे नाव त्याला अजिबात आवडले नव्हते. नव्या पंख्यासह विमानाने ताशी सुमारे ५६० किलोमीटर वेग गाठला आणि ३ जून १९३६ रोजी सरकारने ३१० विमानांची मागणी नोंदविली.

या विमानावर झालेला एक प्रयोग विद्यार्थ्यांना मौजेचा वाटेल. पत्रा जोडणाऱ्या रिवेटांची डोकी पत्र्याशी सपाट केली तर वेग वाढतो, पण खर्चही वाढतो. मग ती सर्वत्र सपाट हवीत, की काही ठिकाणी उंच चालतील? तज्ज्ञांनी सपाट डोक्यांवर वाटाण्याच्या डाळीचे दाणे गोंदाने चिकटविले, विमान उडविले, वेग मोजला. मग एकेका भागावरील दाणे काढीत पुन्हा पुन्हा उडविले. सर्वांगावर डाळ असताना वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटरने घटला होता. कोठे खर्च करावा व कोठे वाचवावा हे शेवटी डाळीने ठरविले.

१९३७ च्या आरंभी रोग उलटला. एप्रिलमध्ये उपचारासाठी मिचेलला व्हिएन्नास नेण्यात आले. उपयोग झाला नाही, आणि मे महिन्यात तो घरी परतला. तोवर चार इंजिनांच्या एका बाँबफेकी विमानाचे संकल्पन त्याच्या डोक्यात चालू होते. ११ जून १९३७ रोजी साउथॅम्प्टन येथे त्याचे निधन झाले. वय अवघे बेचाळीस. मुलगा गॉर्डन सोळा वर्षांचा. कारखान्यात तयार झालेले पहिले स्पिटफायर उडाले ते १४ मे १९३८ रोजी. म्हणजे त्या एका मूळ विमानाखेरीज दुसरे स्पिटफायर त्याने पाहिलेच नाही.

मागे राहिलेले काम जोसेफ स्मिथ या सहकाऱ्याने अंगावर घेतले. त्याने मूळ आराखडा न मोडता त्याला वर्षानुवर्षे वाढविले; १९४८ साली उत्पादन थांबले तोवर वीस हजारांहून अधिक स्पिटफायर तयार झाली होती. १९४० च्या उन्हाळ्यातील ब्रिटनच्या आकाशयुद्धात हरिकेन विमानांची संख्या स्पिटफायरपेक्षा जास्त होती, हेही येथे नमूद केले पाहिजे. लोकांच्या मनात मात्र स्पिटफायरच घर करून बसले. त्या युद्धात स्पिटफायर उडविणाऱ्या १५२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला हैदराबाद हे नाव होते, कारण ती निजामाच्या देणगीची. १९४१ साली पुन्हा उभारलेल्या व स्पिटफायरच दिलेल्या १२४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे नाव बडोदा. तिच्यामागे गायकवाडांचे द्रव्य होते. स्वातंत्र्यानंतर, १९४७ साली, काश्मीरच्या लढाईत भारतीय हवाई दलाची स्पिटफायर श्रीनगरहून उडाली.

मिचेलचे के ५०५४ हे विमान ४ सप्टेंबर १९३९ रोजी, इंग्लंडने युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, फार्नबरो येथे उतरताना मोडले. १९४० च्या सप्टेंबरात जर्मन विमानांनी वूल्स्टनचा कारखाना उद्ध्वस्त केला. त्यात अनेक कामगार मृत्यू पावले, आणि मिचेलच्या त्या अखेरच्या बाँबफेकी विमानाचे अर्धवट सांगाडेही नष्ट झाले. आरेखन विभाग मग हर्सली पार्क येथील एका जुन्या वाड्यात हलविण्यात आला, आणि स्पिटफायरचे पुढचे सारे आराखडे तेथेच निघाले.