संत गोन्सालो गार्सिया : वसईच्या व्यापाऱ्याचा सर्वस्वत्याग

आपल्या धर्मग्रामाची ज्युबिली साजरी करीत असता त्या शब्दाचा मूळ अर्थ ध्यानी असणे इष्ट होय. जुन्या करारातील लेवीय पुस्तकाप्रमाणे पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाई व दास मुक्त होत. अर्थात ज्युबिली म्हणजे मूठ सैल सोडण्याचे वर्ष. ज्याने ती कायमची सोडली, अशा आपल्याच महाराष्ट्रभूमीत जन्मलेल्या संताचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सादर करितो.

संत गोन्सालो गार्सिया ह्यांचा जन्म सुमारे १५५७ साली वसई येथे झाला. पिता पोर्तुगीज, माता ह्याच देशची. येशूसंघी धर्मगुरूंपाशी त्यांचे शिक्षण झाले व कोवळ्या वयातच ते त्यांच्यासमवेत जपानास गेले. तेथील भाषा आत्मसात करून त्यांनी काही वर्षे धर्मशिक्षकाचे काम केले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची उत्कंठा होती. परंतु ती सफळ झाली नाही. तेव्हा त्यांनी व्यापार आरंभिला. त्यात त्यांना उत्तम बरकत आली व पूर्वेकडील बंदरांतून त्यांचा व्यवहार पसरला.

दिवाळे निघाल्यावर विरक्ती येणारे पुष्कळ असतात. गोन्सालो ह्यांनी भरल्या पेढीवरून पाऊल उचलले, हे त्यांचे वैशिष्ट्य. मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. तेही धर्मगुरू म्हणून नव्हे, तर सेवेकरी बंधू म्हणून. दारिद्र्याचे व्रत घेतल्यावर स्वतःचे म्हणावे असे काहीच उरले नाही. एक वस्तू मात्र उरली : व्यापारात उपयोगी पडलेली जपानी भाषा. तीही त्यांनी देवाच्या चरणी वाहिली.

१५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्यांच्या वकिलातीबरोबर दुभाषी म्हणून ते पुनश्च जपानास गेले. क्योटो नगरीत फ्रान्सिस्कन बंधूंनी देऊळ उभारिले व कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये चालविली. पुढे १५९६ साली 'सान फेलिपे' हे मौल्यवान मालाने भरलेले स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागून फुटले. राज्यकर्ता हिदेयोशी ह्याने तो माल जप्त केला. ह्या प्रकरणातून संशय व रोष वाढला आणि निष्कांचन बंधूंना अटक झाली. त्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला व भर थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. तेथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांस क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. पोप नववे पायस ह्यांनी १८६२ साली त्यांस संतपद दिले. गोन्सालो हे भारतात जन्मलेले पहिले संत होत.

वाचकहो, बारामती-इंदापूरच्या आम्हां लोकांस शेतीवाडी टाकून मठात जाण्याची आज्ञा झालेली नाही. परंतु नीरेच्या कालव्याचे पाणी आले, ऊस आला, जमिनीस मोल आले, आणि वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या दारी जाईनासे झाले, हेही आम्ही पाहतो. बहिणीचा वाटा देताना हात आखडतो. मजुराची मजुरी उद्यावर जाते. ज्याला हे वीतभर सुटत नाही, त्याने गोन्सालो ह्यांच्या तसबिरीस हार घालून काय साधेल? म्हणून ज्युबिलीच्या मिस्सापूर्वी प्रत्येक घराने एक तंटा मिटवावा, एक अडलेले देणे चुकते करावे, किंवा गरिबाकडील एक येणे सोडून द्यावे. आमच्या मते ज्युबिलीची खरी देणगी हीच होय.