आल्फ्रेड रसेल वॉलेस

ज्यांची चरित्रे सृष्टिनिरीक्षणाची आवड असणाऱ्या मुलांनी अवश्य वाचावीत, त्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेस यांस आम्ही अग्रस्थान देतो. ता. ८ जानेवारी १८२३ रोजी वेल्समधील अस्क गावी त्यांचा जन्म झाला. गरिबीमुळे चौदाव्या वर्षी शाळा सुटली. विद्येची गोडी मात्र सुटली नाही. जमीनमोजणीचे काम करीत असता त्यांस वनस्पती व कीटक यांचा नाद लागला.

१८४८ साली बेट्स नामक मित्रासह ते अॅमेझॉनच्या अरण्यात गेले. फुलपाखरे, पतंग, भुंगेरे व पक्षी जमवून विलायतेस पाठवावयाचे आणि त्यांच्या विक्रीवर निर्वाह करावयाचा, असा त्यांचा क्रम होता. मदतीस आलेला धाकटा भाऊ तेथेच पीतज्वराने वारला. चार वर्षांनी वॉलेस स्वदेशी निघाले, तो ता. ६ ऑगस्ट १८५२ रोजी भर समुद्रात जहाजास आग लागली. बरोबरचा दुर्मिळ संग्रह डोळ्यांदेखत भस्मसात झाला. काही चित्रांची एक पत्र्याची पेटी तेवढी वाचली. दहा दिवस होडीत काढल्यावर दुसऱ्या जहाजाने त्यांस उचलून घेतले.

दुसरा कोणी असता, तर त्याने पुन्हा अरण्याचे नाव काढले नसते. वॉलेस मात्र १८५४ साली मलाया द्वीपसमूहात गेले व आठ वर्षे तेथे हिंडले. सारावाकचा अली नावाचा तरुण त्यांचा विश्वासू सहायक होता. बाचान बेटावर एक भव्य फुलपाखरू त्यांस ओझरते दिसले व नाहीसे झाले. दोन महिने मागमूस लागेना. अखेर जानेवारी १८५९ मध्ये ते जाळ्यात आले. त्या काळ्या मखमली पंखांवरील सोनेरी नारिंगी झळाळी पाहून त्यांची छाती धडधडू लागली, आणि उरलेला दिवस डोके दुखत राहिले! परतताना त्यांच्या संग्रहात १,२५,६६० नमुने होते. पैकी १३,१०० फुलपाखरे व पतंग.

नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त डार्विन यांच्याबरोबर १८५८ साली मांडणारे हे थोर पुरुष ता. ७ नोव्हेंबर १९१३ रोजी निवर्तले. बाचानमध्येच त्यांस सापडलेली एक प्रचंड मधमाशी पुढे नष्ट झाली असे लोक समजत होते. १९८१ साली ती त्याच बेटांच्या रानात पुन्हा आढळली. हरपलेले पुन्हा सापडावयास शोधणाऱ्याचा धीर हवा, तसेच रानही उभे राहावयास हवे. यांपैकी पहिली गोष्ट वॉलेस यांनी करून दाखविली. दुसरी आपल्या पिढीकडे आहे, हे आमच्या बालमित्रांनी विसरू नये.