फ्लोट ट्यूब घेऊ की कयाक? मासेमारीतल्या या वादाचं उत्तर 1883 सालच्या पाच किलोच्या होडीत सापडतं

गळ टाकून मासे पकडायचा नाद असलेल्या लोकांमध्ये एक वाद कायम चालू असतो. फ्लोट ट्यूब घ्यायची की कयाक?

ज्यांना ही भानगड माहिती नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो तो विषय असा. फ्लोट ट्यूब म्हणजे हवा भरलेली खुर्चीच समजा. माणूस तिच्यात बसतो, कमरेखालचा भाग पाण्यात, पायात बदकासारखे पंजे. पाय मारत मारत हळूहळू पुढं सरकायचं. आपल्याकडं धरणांवर ट्रकच्या ट्यूबमध्ये हवा भरून जाळं टाकायला उतरणारे मासेमार तुम्ही बघितले असतील, त्याचाच हा दुकानात मिळणारा भाऊ.

कयाक म्हणजे लांब, निमुळती, एकट्याने वल्हवायची होडी.

ट्यूबचा फायदा असा की ती वजनाला हलकी. हवा काढली की पाठीवर टाकून डोंगरापलीकडच्या तळ्यावर नेता येते, आणि दोन्ही हात गळासाठी मोकळे राहतात. तोटा असा की ती हळू चालते, वारा सुटला की भरकटते आणि वाहत्या नदीत तर जिवावर बेतू शकते.

कयाक वेगात जाते, मोठं पाणी कापते, सामान वाहून नेते. पण मासेमारीची कयाक सहज 25-30 किलो भरते. ती गाडीवर चढवायची, उतरवायची, पाण्यापर्यंत ओढायची. शिवाय हातात वल्हं असलं की गळ खाली आणि गळ धरला की वल्हं खाली.

म्हणजे प्रश्न मासे पकडण्याचा कमी आणि ओझं वाहण्याचा जास्त आहे. किती वजन उचलायचं आणि त्या बदल्यात किती पाणी फिरायला मिळणार, एवढाच हिशोब.

हाच हिशोब एका माणसाने 140 वर्षांपूर्वी मांडला होता. तेव्हा ना फ्लोट ट्यूब होती ना प्लॅस्टिकची कयाक. त्याच्यासाठी तर हा शौकाचाही विषय नव्हता. फुफ्फुसं साथ देत नव्हती, खिशात पैसे नव्हते आणि जंगलातल्या तळ्यांवर एकट्याने जायचं होतं. चुकीची होडी निवडली असती तर घरीच बसावं लागलं असतं.

त्याचं नाव जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स. पण अमेरिकेतले होडीवाले आणि मासेमार त्याला ओळखतात ते नेसमक या नावाने.

हे नाव आलं कुठून?

सिअर्सचा जन्म 1821 चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला. दहा भावंडांमध्ये तो थोरला. घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे लहानपणीच त्याला गिरणीत कामाला लावलं. पण पोराचं मन गिरणीत लागायचं नाही.

त्याच भागात तिथल्या मूळ रहिवाशांपैकी एक जण राहत होता, त्याचं नाव नेसमक. या नेसमकने छोट्या जॉर्जला जंगलात नेलं. मासे कसे पकडायचे, शिकार कशी करायची, रात्री उघड्यावर कसं राहायचं हे सगळं शिकवलं. नेसमक या शब्दाचा अर्थ होतो रानबदक. पुढं सिअर्स लिहायला लागला तेव्हा टोपणनाव म्हणून त्याने आपल्या गुरूचंच नाव घेतलं.

बाराव्या वर्षी तो केप कॉडच्या मासेमारी बोटींवर कामाला लागला. एकोणिसाव्या वर्षी देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावर चढला आणि तीन वर्षं दक्षिण पॅसिफिकच्या सफरीवर गेला. बरोबर त्याच काळात हर्मन मेलव्हिल नावाचा तरुणही अशाच एका जहाजावरून निघाला होता. त्याने पुढं मॉबी डिक ही कादंबरी लिहिली.

समुद्र बघून झाल्यावर 1848 मध्ये सिअर्स पेनसिल्व्हेनियातल्या वेल्सबरो या गावात आला आणि तिथलाच झाला. धंदा होता बूट शिवायचा. पण दुकानात टिकून राहणं त्याला जमलं नाही. मन उठलं की जंगल गाठायचं. ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या खोऱ्यातसुद्धा तो दोनदा जाऊन आला.

यातून पैसा काही साठला नाही आणि वय मात्र वाढत गेलं.

1880 साल उजाडलं तेव्हा तो 58 वर्षांचा होता. उंची पाच फूट तीन इंच, वजन पन्नास किलोच्या आसपास. दम्याने आणि छातीच्या जुन्या दुखण्याने पार खंगलेला. आणि या अवस्थेत त्याला वेध लागले ॲडिरॉन्डॅकचे.

ॲडिरॉन्डॅक काय प्रकार आहे?

न्यूयॉर्क म्हटलं की आपल्याला उंच इमारती आठवतात. पण न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला ॲडिरॉन्डॅक नावाचा मोठा डोंगराळ जंगलपट्टा आहे. त्यात शेकडो तळी, त्यांना जोडणारे ओढे आणि नद्या. ट्राउट मासा धरायला लोक तिथं लांबून यायचे. 1869 मध्ये विल्यम मरे या बोस्टनच्या पाद्रीने या जंगलावर पुस्तक लिहिलं आणि शहरातल्या लोकांची तिकडं रीघ लागली.

पण तिथं फिरायची एक ठरलेली पद्धत होती. सगळी तळी एकमेकांना पाण्याने जोडलेली नाहीत. एक तळं संपलं की होडी पाण्यातून काढायची, खांद्यावर घ्यायची, जंगलातल्या पायवाटेने पुढच्या तळ्यापर्यंत न्यायची आणि परत पाण्यात सोडायची. कधी हे अंतर थोडं असतं, कधी मैलभर किंवा त्याहून जास्त.

त्यामुळे तिथं चालायची ती गाइडबोट. साधारण सोळा फूट लांब, वजन तीस किलोच्या आसपास. ती वल्हवायला आणि खांद्यावर वाहून न्यायला स्थानिक वाटाड्या लागायचा. पाहुणा मागं निवांत बसायचा, वाटाड्या सगळं करायचा आणि त्याचे रोजचे दोन-तीन डॉलर घ्यायचा.

श्रीमंतांना हे परवडायचं. बूट शिवणाऱ्याला कुठून परवडणार?

सिअर्सपुढे दोनच पर्याय होते. एक तर जंगलाचा नाद सोडायचा, नाहीतर अशी होडी शोधायची जी त्याच्यासारखा दमेकरी एकटा खांद्यावर घेऊन चालू शकेल.

मग त्याने एका माणसाला पत्र लिहिलं.

तो माणूस म्हणजे जे. हेन्री रश्टन. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅन्टन गावात त्याचा होड्या बांधायचा कारखाना होता. गंमत म्हणजे रश्टनसुद्धा बुटका आणि तब्येतीने नाजूक. जंगलात गेलं तर बरं वाटेल म्हणून 1873 मध्ये त्याने स्वतःसाठी पहिली हलकी होडी बांधली, ती बघून लोक मागायला लागले आणि त्यातूनच धंदा उभा राहिला. त्यामुळे आजारी माणसाला हलकी होडी का लागते हे त्याला समजावून सांगायची गरज पडली नाही.

रश्टनने पातळ सिडारच्या फळ्या एकमेकींवर कडा चढवून बसवल्या आणि सिअर्ससाठी एक छोटी कनू तयार केली. कनू म्हणजे वरून उघडी असलेली निमुळती होडी. तिचं वजन भरलं जवळपास 18 पौंड, म्हणजे आठ किलो. गाइडबोटीच्या पाव हिश्श्याच्या जवळपास.

1880 मध्ये सिअर्स ती घेऊन जंगलात गेला. होडी टिकली आणि माणूसही टिकला. त्याने या प्रवासाची हकीकत फॉरेस्ट अँड स्ट्रीम या साप्ताहिकात लिहिली आणि वाटाड्याशिवाय एकट्याने फिरता येतं हे लोकांना कळलं.

दुसरा एखादा असता तर इथंच थांबला असता. पण सिअर्सला वाटलं की अजून वजन कमी होऊ शकतं.

1881 मध्ये दुसरी होडी आली, 16 पौंडांची. तिचं नाव सुझन निपर. चार्ल्स डिकन्सच्या कादंबरीतल्या पात्रावरून ठेवलेलं.

आणि मग आली ती जगप्रसिद्ध तिसरी होडी. तिची लांबी नऊ फूट, रुंदी 26 इंच, मध्यभागी उंची फक्त सहा इंच आणि वजन साडेदहा पौंड, म्हणजे पाच किलोपेक्षाही थोडं कमी. किराणा दुकानातून तांदळाची पाच किलोची पिशवी आणता ना, त्याहून हलकी. तिच्यात बसून एक जिवंत माणूस मोठमोठी तळी पार करणार होता.

सांगतात की रश्टनलाही हे जरा अतीच वाटलं होतं आणि होडी म्हणून कंटाळा आला तर सूप वाढायला वापर अशी थट्टा त्याने केली होती.

सिअर्सने तिचं नाव ठेवलं सॅरी गॅम्प. हेसुद्धा डिकन्सचंच पात्र. ही बाई दारूची शौकीन, पाण्याला शिवायची नाही. होडीनेसुद्धा आत पाणी घेऊ नये म्हणून हे नाव.

1883 मध्ये 61 वर्षांचा सिअर्स या होडीतून निघाला आणि 266 मैल फिरला. म्हणजे जवळपास 428 किलोमीटर. मुंबई ते कोल्हापूर अंतरापेक्षा जास्त. तेही कधी वल्हवत, कधी होडी डोक्यावर घेऊन चालत.

आता मूळ वादाकडे येऊ. सिअर्सने नेमकं काय निवडलं होतं?

नीट बघितलं तर त्याची होडी दोन्हीच्या मधली होती. तो होडीच्या तळाशी बसायचा आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं वापरायचा. ही बसायची आणि वल्हवायची पद्धत कयाकची. पण वजन आणि वाहून न्यायची सोय मात्र आजच्या फ्लोट ट्यूबसारखी. कयाकचं पाणी त्याला ट्यूबच्या वजनात हवं होतं.

अर्थात फुकट काहीच मिळत नाही, त्याचीही किंमत होती. सहा इंच उंचीची होडी म्हणजे वारा सुटून लाटा उठल्या की पाणी आत यायची भीती. त्यामुळे हवा बघून निघायचं, मोठ्या तळ्यावर काठाचा अंदाज ठेवायचा, वारा वाढला तर थांबायचं. फळ्या इतक्या पातळ की एखादा टोकदार दगड लागला तरी काम तमाम. त्यामुळे होडीत चढता-उतरताना आणि उथळ पाण्यात जपून राहावं लागायचं. दुसरा माणूस सोबत घेणं तर विसराच.

आणि होडी हलकी करून सामान जड ठेवलं तर उपयोग शून्य. म्हणून त्याने सामानावरही कात्री चालवली. होडी, जादा कपडे, पांघरूण, दोन दिवसांचा शिधा, छोटी कुऱ्हाड, गळाची काठी आणि पाठपिशवी हे सगळं मिळून 26 पौंडांच्या आत, म्हणजे बारा किलोच्या आत.

हा सगळा अनुभव त्याने 1884 मध्ये वूडक्राफ्ट या पुस्तकात मांडला. कुऱ्हाड कशी निवडावी, विस्तव कसा पेटवावा, मासे कसे धरावेत आणि शिजवावेत, होडी किती हलकी असावी, सगळं त्यात आहे. जंगलात जायचं म्हणजे हाल काढायचे हे त्याला पटत नव्हतं. कमी सामानात सुखाने कसं राहायचं हा त्याचा मुद्दा. ते पुस्तक आजही छापलं जातं आणि वाचलं जातं.

त्याच्या लिखाणाला आणखी एक बाजू होती. त्याच्या डोळ्यांसमोर पेनसिल्व्हेनियातली जंगलं लाकडासाठी तुटत होती, ओढे खराब होत होते. ॲडिरॉन्डॅकमध्ये धरणांमुळे तळ्यांचं पाणी वाढून काठची झाडं मरत होती. याबद्दल तो लिहीत राहिला. 1885 मध्ये न्यूयॉर्क राज्याने तिथलं सरकारी जंगल कायद्याने राखीव केलं. त्यामागं बऱ्याच लोकांची धडपड होती, आणि ते जंगल वाचकांच्या घरापर्यंत पोचवणाऱ्यांमध्ये नेसमक हे नाव होतं.

तब्येत मात्र ढासळत गेली. 1 मे 1890 रोजी वेल्सबरोमध्ये त्याचं निधन झालं. तेव्हा तो 68 वर्षांचा होता.

सॅरी गॅम्प आजही शाबूत आहे. ती स्मिथसोनियन संस्थेच्या मालकीची असून ॲडिरॉन्डॅकमधल्या ब्लू माउंटन लेक इथल्या संग्रहालयात ठेवण्यात आली. आणि तिच्या धर्तीवरच्या एकट्याने उचलायच्या हलक्या होड्या आजही बांधल्या जातात.

मग फ्लोट ट्यूब की कयाक?

नेसमकचा हिशोब लावला तर सुरुवात दुकानापासून होतच नाही. आधी स्वतःकडे बघायचं. आपल्याच्याने किती वजन उचलवतं आणि सोबत कोणी आहे का? मग पाण्याकडे बघायचं. गाडी काठापर्यंत जाते की तासभर चालायचं आहे, पाणी लहान आणि शांत आहे की मोठं आणि वाऱ्याचं, वाहतं आहे का?

चालत जायचं, लहान, थांबलेलं तळं असेल तर ट्यूब. गाडीतून उतरून थेट मोठ्या पाण्यावर जायचं असेल तर कयाक. वाहतं पाणी असेल तर ट्यूबचा विचारच नको. आणि दोन्हीत लाइफ जॅकेट अंगावर पाहिजेच.

होडी कितीही भारी असली आणि ती उचलायच्या विचारानेच माणूस घरी बसत असेल, तर तिचा उपयोग काय? पन्नास किलोच्या दमेकरी सिअर्सने आपल्याला उचलता येईल अशी होडी मागितली, आणि म्हणूनच तो 428 किलोमीटर फिरून आला.