नेमबाजांच्या पदकावरचे नाव : दादासाहेब मावळणकर

राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धेचा उंबरठा गाठण्यासाठी धडपडणाऱ्या तरुणांच्या तोंडी ‘मावळणकर’ हे नाव अनेक दशके आहे. मात्र हे मावळणकर कोण, हे त्यांतील किती जणांना ठाऊक असेल, याची शंकाच वाटते.

गणेश वासुदेव मावळणकर यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील. त्यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्यात झाला, तर कर्मभूमी ठरली ती अहमदाबाद. १९१३ मध्ये तेथे त्यांनी वकिली सुरू केली आणि लवकरच ते गांधीजी व सरदार पटेल यांच्या सहवासात आले. स्वातंत्र्यलढ्यात त्यांना वेळोवेळी मिळून जवळपास सहा वर्षांचा तुरुंगवास घडला. तेथे भेटलेल्या गुन्हेगारांच्या मनात डोकावून त्यांनी पुस्तकही लिहिले. पुढे ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले आणि १९५२ मध्ये लोकसभेचे पहिले अध्यक्ष.

अहिंसेच्या मार्गाने चाललेल्या याच दादासाहेबांनी १९५१ मध्ये भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना केली आणि तिचे पहिले अध्यक्षपदही भूषविले, ही गोष्ट अनेकांना विसंगत वाटेल. त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

इंग्लंडमध्ये १८६० साली विम्बल्डनच्या मैदानावर राणी व्हिक्टोरियाने पहिली गोळी झाडून राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धेचा शुभारंभ केला. सामान्य नागरिकाने नेम साधावा व त्याबद्दल पदक मिरवावे, ही तेथे अभिमानाची बाब होती. ब्रिटिश सैन्यात निष्णात नेमबाजाच्या बाहीवर दोन छेदत्या बंदुकांचे चिन्ह झळकत असे. हिंदुस्थानात मात्र त्याच सरकारने १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य प्रजेला परवान्याविना शस्त्र बाळगण्यास मनाई केली. म्हणूनच स्वतंत्र देशातील नागरिकाच्या हाती खेळाचे साधन म्हणून आलेली रायफल, हा केवळ करमणुकीचा विषय नव्हता. संघटना स्थापन झाली तेव्हाही तो जुना कायदा लागूच होता. तो बदलला १९५९ मध्ये.

ते पाहण्यास दादासाहेब नव्हते. २७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबादेत हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. लोकसभेच्या कामकाजाला त्यांनी लावलेल्या शिस्तीवर पुष्कळ लिहिले गेले. नेमबाजीतील त्यांचे कार्य बहुधा एका ओळीत उरकले जाते.

त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा राज्य पातळीवरून राष्ट्रीय पातळीकडे जाणाऱ्यांची कसोटी ठरली. येथे पदक हुकले तरी पात्रता गुण मिळविणे महत्त्वाचे असे. राष्ट्रीय स्पर्धेत ठरावीक गुण गाठणाऱ्यास संघटनेकडून ‘नामांकित नेमबाज’ हा दर्जा मिळतो. ही निव्वळ शोभेची बिरुदावली नव्हे. शस्त्रे आणि काडतुसे यांबाबतच्या नियमांत या दर्जाच्या खेळाडूंना वेगळी सवलत आहे, आणि सरावाच्या काडतुसांवरच ज्याची प्रगती अवलंबून असते त्या खेळाडूला तिचे मोल पदकाहून कमी वाटत नाही.