पिवळ्या विमानाचा हिशोब

अमेलिया इअरहार्ट म्हटलं की सगळ्यांना तिचं १९३७ मधलं गायब होणं आठवतं. मला मात्र तिचं पहिलं विमान जास्त जवळचं वाटतं. कारण त्याचा हिशोब आपल्यासारख्या पॉकेटमनीवाल्यांना लगेच कळतो!

अमेलियाचा जन्म १८९७ सालचा, अमेरिकेतल्या कॅन्ससमधला. डिसेंबर १९२० मध्ये कॅलिफोर्नियात ती पहिल्यांदा विमानात बसली. दहा मिनिटांच्या फेरीचे १० डॉलर! खाली उतरली ती विमान चालवायला शिकायचंच, असं ठरवून. पण पैसे? तिने फोटोग्राफी केली, ट्रक चालवला, टेलिफोन कंपनीत नोकरी केली आणि नेटा स्नूक या महिला वैमानिकाकडे धडे घेतले.

१९२१ मध्ये तिने २००० डॉलरला सेकंडहँड किनर एअरस्टर घेतलं. आई आणि बहिणीने हातभार लावला. पिवळाजर्द रंग, म्हणून नाव ठेवलं कॅनरी.

इथे आपलं इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्स सुरू होतं. विमानाची किंमत ही हिशोबातली फक्त पहिली ओळ. हँगरचं भाडं, विमा, तपासणी हा खर्च विमान उडो न उडो, चालूच असतो. पेट्रोल, ऑईल आणि इंजिनाची झीज मात्र तासांवर. म्हणजे जितकं कमी उडाल, तितका एकेक तास महाग! अमेलियाने भाड्याची ओळच खोडून टाकली. विमान बनवणाऱ्या बर्ट किनरने ग्राहकांना दाखवायला कॅनरी वापरायचं आणि बदल्यात हँगर फुकट द्यायचा, असं ठरलं.

२२ ऑक्टोबर १९२२ रोजी कॅनरीतून १४,००० फुटांवर जाऊन तिने महिलांचा विक्रम केला. पण विक्रमाने बिलं फिटत नाहीत. घरची गुंतवणूक बुडाली आणि १९२४ मध्ये कॅनरी विकावं लागलं. पुढे ती बॉस्टनमध्ये समाजसेविका झाली.

१९२८ मध्ये तिने प्रवासी म्हणून अटलांटिक ओलांडला, १९३२ मध्ये एकटीने विमान चालवत. आता भाषणं, लेख, अगदी प्रवासी बॅगांच्या जाहिरातींतूनही उड्डाणाचे पैसे येऊ लागले. शेवटचं लॉकहीड इलेक्ट्रा तर पर्ड्यू विद्यापीठाच्या निधीतून मिळालं. तिथे ती विद्यार्थिनींना करिअरबद्दल मार्गदर्शन करायची. त्याच विमानाने जगप्रदक्षिणा करताना ती जून १९३७ मध्ये कराची आणि कोलकात्याला उतरली. २ जुलैला नेव्हिगेटर फ्रेड नूनानसह ती पॅसिफिकवर नाहीशी झाली.

मित्रमैत्रिणींनो, तिच्या धाडसाबद्दल सगळेच बोलतात. मला तिची चिकाटी मोठी वाटते. विमान विकावं लागलं, तरी तिने उडणं सोडलं नाही. स्वप्नाची किंमत जरूर विचारा, पण ते सांभाळायला दरमहा काय लागेल तेही मांडा. आकडा मोठा आला, तर एखादी ओळ कशी खोडता येईल ते बघा!